मंडळाचं चौथं कलम

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आज मंडळाला सहा महिने झाले. कासारवाडीत मंडळ म्हटलं की लोकांना अजून गणपतीचंच आठवतं. खालचा सलूनवाला विचारत होता, पुढच्या वर्षी मूर्ती केवढी बसवणार? त्याला सांगितलं, आमच्या मंडळात मूर्ती नसते, नुसते डोळे आणि कान असतात. त्याला काही कळलं नाही. मीही जास्त खोलात शिरलो नाही.

आम्ही बावीस जण आहोत, सगळे खासगी गुप्तहेर. भोसरी, चाकण, पार माणपर्यंतचे. कोणी लग्नाआधी मुलामुलींची चौकशी करतो, कोणी आजारपणाची रजा टाकून दुसरीकडे राबणारा कामगार शोधतो. या धंद्याला सरकारी परवाना असा नाही, म्हणून मंडळाचं ओळखपत्र हीच काय ती इज्जत. चाकणच्या कंपन्या आता कार्ड बघूनच काम देतात.

मंडळ निघालं ते एका मारामारीतून. गेल्या वर्षी आमच्यापैकीच सोनबाअण्णांचा माणूस आणि रविराजचा माणूस नाशिक फाट्यावर तीन दिवस एकमेकांवरच पाळत ठेवून होते. दोघांनी अहवालात लिहिलं, 'संशयित वारंवार मागे वळून पाहतो.' चौथ्या दिवशी मिसळीच्या दुकानात दोघांनी एकमेकांची गचांडी धरली. तेव्हा कलम तीन झालं. पाळत लावण्याआधी सचिवाला फोन करून नाव सांगायचं. सचिवाने रजिस्टर पाहून 'मोकळं' किंवा 'धरलंय' एवढंच म्हणायचं. कलम चार त्याच्याच पाठचं. पार्टी कोण, म्हणजे काम कोणी दिलं, ते सचिवाने विचारायचं नाही.

सचिव मी. चाकणला सव्वीस वर्षं कंपनीच्या गेटवर सिक्युरिटी ऑफिसर होतो, रजिस्टरमध्ये एक नाव चुकलं नाही. शेजारच्या प्रेसशॉपमधल्या मशीनच्या धडधडीने डावा कान खाल्ला, त्यामुळे फोन स्पीकरवर ठेवावा लागतो. आणि नाव दोनदा मोठ्याने म्हणून मगच लिहायचं, ही गेटवरची सवय. सगळे फोन सकाळी आठच्या आत घरीच येतात. साधना तेव्हा आत भोसरीच्या बायकांचे डबे भरत असते, तिचा काही व्यत्यय नाही. मंडळातलं घरी बोलायचं नाही हे मी तिला पहिल्याच दिवशी बजावलंय. तीही कधी विचारत नाही. अशी बायको मिळायला नशीब लागतं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

रविराजचा फोन आला, तापलेला होता. भोसरीच्या अंजली नावाच्या मुलीची लग्नाआधीची चौकशी होती. त्याचा माणूस पहिल्याच दिवशी तिच्या चाळीसमोर उभा राहिला, तर ती मुलगी तांब्या घेऊन सरळ त्याच्याकडे आली. म्हणाली, "दादा, उन्हात उभे आहात, पाणी घ्या. आणि मुलाकडच्यांना सांगा, काय विचारायचं ते मला येऊन विचारा." माणूस पाणी पिऊन परत आला.

"काका, नाव फुटलंय. माझ्याकडून नाही फुटलेलं," रविराज म्हणाला.

म्हटलं, मुली आजकाल हुशार असतात. तो म्हणाला, "एवढ्या?"

बुधवार, १२ नोव्हेंबर

पुन्हा तेच. माणच्या दुर्गाबाई, विधवा बाई, जमिनीचा काही वाद असावा. भोसरीला लेकीकडे राहायला आल्यात. सोनबाअण्णांचा माणूस तीन दिवस पुढच्या दारावर बसला आणि बाई तीन दिवस मागच्या दाराने गेल्या.

बसून विचार केला. सगळी नावं दोघांनाच माहीत असतात, मला आणि नवनाथला. नवनाथ बीडकडचा, तिशीतला, पायाला भिंगरी असलेला पोरगा. रोज दुपारी ऑफिसात येऊन माझं रजिस्टर कॉम्प्युटरवर चढवतो. दोघांपैकी एक, आणि मी तर नव्हे. गणित सोपं आहे.

तो स्वतःच आज म्हणाला, "सायेब, एक बगा. बाप्यांची नावं फुटत नाहीत. फुटतात ती समदी बायांचीच. कामून असंल?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. त्याला आधी कसं सुचलं? मी म्हटलं, तू टायपिंग कर.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आता प्रकरण हाताबाहेर चाललंय. सोमवारी रविराजने जयमाला नावाची बाई नोंदवली होती. भोसरी एमआयडीसीत वर्कशॉपमध्ये पॅकिंगला आहे, भाड्याच्या खोलीत राहते. मी 'मोकळं' म्हटलं. मंगळवारी सकाळी पाळत लागायच्या आधीच खोलीला कुलूप. बाई सामानासकट गायब.

दुपारी पार्टी स्वतःच ऑफिसात आली. हे नियमाबाहेरचं आहे, पण माणूस रागाने लाल झालेला, त्याला परत कसं पाठवणार? बाईचा भाऊ आहे म्हणाला. घरातून रुसून गेली, आई अंथरुणाला खिळली आहे. त्याने फोटो दाखवला. बाईच्या कपाळाला मुंडावळ्या, लग्नातला फोटो, उजवीकडून अर्धा कापलेला. भावाजवळ बहिणीच्या लग्नाचा फोटो असायचाच. पाकिटात बसावा म्हणून कापला असेल.

जाताना म्हणाला, "साहेब, तुमच्या मंडळात दलाल बसलेत. मी गप्प बसणार नाही. प्रत्येक कंपनीत जाऊन सांगीन." हे मात्र माझ्या मनाला लागलं. मंडळ बुडालं तर बावीस घरं बसतील, आणि बोट सचिवाकडेच दाखवलं जाईल.

घरी आलो तर डबे आवरायचं चाललं होतं. सहज मोजले, एकोणतीस. रोज तीस असतात. साधना म्हणाली, "एक बाई गावाला गेली." जेवणात मीठ जास्त पडलं होतं. तिचंही लक्ष नसतं हल्ली.

सोमवार, १७ नोव्हेंबर

कार्यकारिणी बसली, भोसरीला सोनबाअण्णांच्या इमारतीत वरच्या हॉलमध्ये. सोनबाअण्णा अध्यक्ष. गावकीतला माणूस, चार मजले भाड्याने दिलेत, गुप्तहेरी हौस म्हणून करतात. मी सगळं मुद्देसूद मांडलं आणि नवनाथला काढण्याचा ठराव सुचवला. अण्णा म्हणाले, "पोरगं गरीब हाय, यशवंतराव. नीट बघितलंय ना तुमी?" म्हटलं, सव्वीस वर्षं गेटवर माणसंच बघितली. ते म्हणाले, "मंग रविवारी समद्यांना बोलवू. तवर कार्ड जमा."

नवनाथला आत बोलावलं. मी कार्ड मागितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं आणि गेला. निर्दोष माणूस ओरडतो, भांडतो. हा गप्प राहिला, त्यातच सगळं आलं.

ऑफिसात येऊन चाकणच्या सात कंपन्यांना फोन केले, आमचा एक सदस्य निलंबित आहे, नाव अमुक, गेटवर घेऊ नये. कर्तव्य म्हणून केले.

रविराजला सांगितलं, जयमाला मी स्वतः शोधून देतो, रविवारच्या आत. मंडळात अजून कामाची माणसं आहेत हे त्या पार्टीला कळू दे.

बुधवार, १९ नोव्हेंबर

हाड म्हातारं झालं तरी नाक शाबूत आहे. सकाळीच भोसरीला वर्कशॉपवर गेलो. विमा कंपनीचा माणूस म्हणून पॅकिंगच्या बायकांना भेटलो. म्हटलं, जयमालाबाईंचा फॉर्म अडलाय, सही हवी. एक बाई गप्प बसली. तिचीच गाठ नंतर शेअर रिक्षाच्या स्टॉपवर घेतली. तिला खरंच वाटलं, मैत्रिणीचं काम अडू नये. म्हणाली, कासारवाडीला गेलीय, स्टेशनच्या मागच्या गल्लीत, दोन मजली पिवळ्या घरात कुठेतरी.

म्हणजे माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

लगेच रविराजला कळवलं, "कासारवाडी, स्टेशनच्या मागे. खोली उद्या सांगतो." तो म्हणाला, "काका, मानलं तुम्हाला." बरं वाटलं. संध्याकाळी मुद्दाम बाकरवडी आणली. साधनाने हातात घेऊन तशीच ठेवली.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सकाळी साडेदहापासून गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. अकराला एक बाई डबा घेऊन पिवळ्या घरात शिरली, जिना चढली, डावीकडचं दार वाजवलं. दार उघडलं. आत फोटोतली बाई होती.

डबा घेऊन आलेली साधना होती.

पुढे लिहवत नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

काल रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी फोन वाजला तो घेतला नाही. आत गेलो. साधना पोळ्या लाटत होती. म्हटलं, "जयमाला कोण?"

तिने लाटणं खाली ठेवलं नाही. "माझ्या तीस डब्यांतला एक डबा."

"आणि अंजली? दुर्गाबाई?"

"अंजलीची आई आमच्या बचत गटात आहे. दुर्गाबाईंच्या लेकीकडे डबा जातो. तुम्ही सकाळी नावं मोठ्याने वाचता. मी कान बंद करू का?"

मी मंडळाचं बोललो, नियमांचं बोललो, विश्वासाचं बोललो. बराच वेळ बोललो असेन. तिने पोळी तव्यावर टाकली आणि मग म्हणाली, "तिच्या पाठीवर इस्त्रीचा डाग आहे. पूर्ण इस्त्रीचा, टोकासकट. नवऱ्याने दिलेला. गावात दोनदा बैठक बसली, दोनदा नांदायला पाठवली. तिला सख्खा काय, चुलत भाऊसुद्धा नाही."

कापलेल्या फोटोतली उजवी बाजू आत्ता दिसली मला. अर्ध्यात नवरदेव होता आणि तोच माझ्यासमोर खुर्चीत बसून गेला होता. गुप्तहेर म्हणवतो मी स्वतःला.

"अहो, शोधणारा कोण, हे तुम्ही एकदा तरी विचारलंत का?"

"आमच्यात विचारायचं नसतं."

"म्हणून मला करावं लागलं. मी तरी कुठे विचारत बसले, प्रत्येकीला सांगून टाकलं. एखादी चुकीचीही असेल त्यात, मला माहीत आहे."

मग मी तिला नवनाथचं सांगितलं. कार्ड काढून घेतल्याचं, सात फोनचं. ती एकदम खाली बसली. "हे मला आधी का नाही सांगितलंत? मी त्याच दिवशी बोलले असते." मंडळातलं घरी बोलायचं नाही, हा नियम माझाच. पोळी जळल्याचा वास आला तेव्हा दोघं उठलो.

आणि मग लक्षात आलं की गल्लीचं नाव मी परवाच देऊन बसलोय.

साधना चाकणपुढे माहेरी, तिच्या बहिणीकडे जयमालाला न्यायला निघाली. मी आधी पुढे जाऊन गल्ली पाहतो म्हटलं. गेलो, तर तो माणूस गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर उभा. रविराजने गल्ली सांगितली असणारच. मला पाहून हसला.

"साहेब, खोली मिळाली का?"

"मिळेल. बसा, चहा घेऊ."

त्याला गल्लीकडे पाठ करून बसवावं असं मनात होतं, पण तो नेमका गल्लीकडे तोंड करून बसला. साधना मागून रस्त्याने येऊन माझ्या समोरून आत गेली, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आता दोघी बाहेर येणार त्या याच वाटेने. दुसरी वाट नाही, मागे रेल्वेची भिंत आहे.

पिशवीत वॉर्डाची मतदार यादी होती, आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाजवळ असते. ती त्याच्यासमोर पसरली. "या गल्लीतली घरं आहेत. एकेक नाव वाचा, तुमच्याकडचं, ओळखीचं आडनाव दिसतंय का सांगा. त्याच घरात असेल ती." अक्षर मुंगीएवढं. तो वाकला आणि बोट ठेवून वाचू लागला.

वाचता वाचता म्हणाला, "एकदा घरी नेतो फक्त. मग बघतो." आवाज अगदी शांत होता. मी सव्वीस वर्षांत गेटवर दारुडे पाहिले, चोर पाहिले, पण असा शांत आवाज ऐकला नव्हता.

दोघी बाहेर आल्या. डोक्यावर पदर, चारही हातांत डब्यांच्या पिशव्या. आमच्यापासून आठ-दहा पावलांवर आल्या तेव्हा त्याने मान वर करायला सुरुवात केली. मी यादीवर हात आपटला. "हे बघा, हे आडनाव, हे तुमच्या भागातलं ना?" तो पुन्हा वाकला. "नाही हो, हे नगरकडचं." तेवढ्यात त्या गेल्या. डब्याचं झाकण वाजल्याचं मला ऐकू आलं, आणि माझा तर डावा कान गेलेला आहे. त्याने ऐकलं की नाही, कळलं नाही. तो वाचत होता.

नाशिक फाट्यावरून चाकणची बस मिळाल्याचा साधनाचा मेसेज आला तोवर मी त्याला तीन पानं वाचायला लावली आणि दोन चहा पाजले. मग म्हटलं, "पाहुणे, या यादीत ती नाही. आणि मी तुमचं काम सोडलं." तो माझ्याकडे बघत राहिला. मी चहाचे पैसे दिले आणि यादी पिशवीत घातली.

शनिवार, २२ नोव्हेंबर

बचत गटातली वर्षाली वकील आहे. तिने जयमालाला सोबत घेऊन तक्रार दिली, पाठीचा वैद्यकीय दाखलाही जोडला. नवऱ्याला नोटीस जाईल.

आता राहिलं उद्याचं.

रविवार, २३ नोव्हेंबर

सभेला एकोणीस जण आले. नवनाथ मागच्या रांगेत, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. विषय पहिला, नवनाथचं सदस्यत्व.

मी उठलो. कागद लिहून नेला होता, तो वाचलाच नाही. म्हटलं, नावं माझ्या घरातून गेली. माझ्या तोंडातून, माझ्या फोनवरून. बायकोने ऐकली आणि त्या बायकांना सांगितलं. नवनाथचा काही संबंध नाही. आणि रविराजची ती पार्टी भाऊ नव्हती, नवरा होता, बाईच्या पाठीवर इस्त्री ठेवणारा. तिची गल्ली मी त्याला सांगितली होती. तिचं काही बरंवाईट झालं असतं तर ते माझ्या हातून झालं असतं. मला काढा.

रविराज फोनमध्ये बघत होता, पण स्क्रीन बंद होती. शेवटी म्हणाला, "मला भाऊच सांगितलं होतं त्याने." आमच्यातल्या प्रत्येकाला कोणी ना कोणी असं काही सांगितलेलं आहे.

सोनबाअण्णा म्हणाले, "यशवंतराव, बसा खाली. घरातली गोष्ट हाय, घरात मिटवू. नवनाथला बी काढायचं न्हाई, तुमाला बी न्हाई. लिवायचं काय कारण? चहा सांगितलाय, घ्या अन् घरला जावा."

सगळ्यांना हायसं वाटलं. खरं लिहितो, मलाही वाटलं. मी खाली बसलो.

नवनाथ उठला. "अण्णा, असं मिटवू नका. लिवा."

"आरं, तुझं नाव सुटलं की."

"कुठं सुटलं? हितं सुटलं. चाकणला सात कंपन्यांत फोन गेलाय, नवनाथनं नावं इकली म्हणून. परवा गेटवरच्या पोरानं मला आत येऊ दिलं नाही, माझ्याच हाताखाली शिकल्याला पोरगा. तुमी चहा पिऊन मिटवलं तर ते माझ्याच नावावर ऱ्हातंय. लिवा, चूक सचिवाची. सचिवाला काढण्यात येतंय. सूचक मी."

अनुमोदन कोण देणार? कोणी हात वर करेना. काही जणांनी चहावाल्याकडे पाहिलं. पोरगा बरोबर बोलत होता आणि एकही जण त्याच्याबरोबर उभा राहत नव्हता. मग मीच उठलो आणि म्हटलं, अनुमोदन मी देतो. अण्णांनी कपाळावर हात मारला. त्यानंतर हात वर झाले, बारा मोजले.

इतिवृत्त लिहायचं काम सभा संपेपर्यंत सचिवाचंच असतं. ठराव एक, सचिव यशवंतराव यांच्या निष्काळजीपणामुळे नावे बाहेर गेली, सबब त्यांना पदावरून व सदस्यत्वातून काढण्यात येत आहे. सूचक नवनाथ, अनुमोदक यशवंतराव. सही केली. चौथ्या कलमाचं काय, असं मी विचारलं. अण्णा म्हणाले, पुढच्या सभेला बघू. त्या सभेला मी नसेन.

जिन्यात नवनाथला गाठलं. म्हटलं, चुकलं माझं.

तो थांबला. कार्ड पुन्हा गळ्यात होतं. "सायेब, तुमी मला एकदा विचारायचं व्हतं. दारात उभं करून तरी. मी नाही म्हणालो असतो, तुमी नसता इस्वास ठेवला, ते चाललं असतं. पण विचारलंच नाही तुमी." आणि खाली उतरून गेला.

घरी येऊन साधनाला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. मग सात कंपन्यांचे नंबर एका कागदावर काढले. उद्या दहा वाजता त्याच माणसांना पुन्हा फोन करायचे आहेत, आणि नवनाथच्या जागी माझं नाव सांगायचं आहे. ती म्हणाली, "मी शेजारी बसू का?" म्हटलं, बस.